पेढीवरून कोर्टात: मुंबईचं तय्यबजी घराणं

(जेसल पार्क, भाईंदर पूर्व येथे झालेल्या वार्षिक स्मृती व्याख्यानाचा मजकूर)



मराठी व्याख्यानमालेत तय्यबजी घराण्याचा विषय कशाला, असा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. त्याचं उत्तर एका तारखेत आहे: ४ ऑगस्ट १८९७. त्या दिवशी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी बाळ गंगाधर टिळकांना जामीन मंजूर केला.

दिवस कसे होते ते आठवा. पुण्यात प्लेग होता. २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली होती. इंग्रजी वृत्तपत्रं ब्राह्मणांच्या कटाच्या कथा छापत होती. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली. आरोप राजद्रोहाचा, पुरावा 'केसरी'तल्या मजकुराचा. खालच्या कोर्टाने जामीन नाकारला. हायकोर्टात न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढे अर्ज गेला, तिथेही नकार मिळाला. खटला सेशन्सकडे सोपवला गेल्यावर अर्ज पुन्हा आला, तो तय्यबजींपुढे. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर दिनशा दावर उभे होते. हेच दावर पुढे न्यायमूर्ती झाले आणि १९०८ साली त्यांनीच टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली. इतिहासाला अशा गाठी मारण्याची हौस असते. पण आज मला त्या दुसऱ्या खुर्चीबद्दल बोलायचं आहे, जिच्यावर तय्यबजी बसले होते. त्या खुर्चीपर्यंतची वाट एका व्यापाऱ्याच्या पेढीतून निघाली होती.

गुजरातेत खंभातचं बंदर गाळाने भरत गेलं आणि तिथला व्यापार आधी सुरतेकडे, मग मुंबईकडे सरकला. माणसंही त्याच्यामागून सरकली. खंभातहून निघालेली गलबतं आपल्याच किनाऱ्याने, वसईच्या खाडीच्या तोंडावरून मुंबईला जात. अशा स्थलांतरितांपैकी एक कुटुंब सुलेमानी बोहऱ्यांचं होतं. सुलेमानी म्हणजे बोहऱ्यांमधली संख्येने अगदी लहान जमात. त्यांतले तय्यबअली भाईमियां यांनी मुंबईत हातपाय पसरून युरोपशी व्यापार उभा केला. 'तय्यबजी' हे आडनाव त्यांच्याच नावावरून पडलं.

या गृहस्थांनी एक विलक्षण निर्णय घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, समुद्र ओलांडणं हिंदूंना धर्मबाह्य वाटत होतं आणि मुसलमान घरांत इंग्रजी शाळेविषयीच शंका होती, तेव्हा त्यांनी आपली मुलं शिकायला युरोपात धाडली. थोरल्यांपैकी कमरुद्दीन पंधराव्या-सोळाव्या वर्षी इंग्लंडला गेले आणि १८५८ साली तिथे सॉलिसिटर म्हणून नोंदले गेले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. धाकटे बद्रुद्दीन, जन्म १० ऑक्टोबर १८४४. आधी मदरशात फारसी आणि उर्दू, मग एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन, आणि १८६० साली इंग्लंड. डोळ्यांचं दुखणं इतकं बळावलं की मधेच परत यावं लागलं. पुन्हा गेले आणि १८६७ च्या एप्रिलमध्ये मिडल टेंपलमधून बॅरिस्टर झाले. वर्षअखेरीस मुंबईत परतून हायकोर्टात उभे राहिले. तिथे उभे राहणारे ते पहिले भारतीय बॅरिस्टर होते.

इथे थोडं थांबून कोर्टाची व्यवस्था पाहू, कारण त्याशिवाय या दोन भावांची गोष्ट कळत नाही. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे शहरातले मोठे दिवाणी दावे थेट जिथे चालत तिथे, विलायतेसारखी दुहेरी पद्धत होती. पक्षकार सॉलिसिटरकडे जाई. कागद, नोटिसा, दाव्याची बांधणी हे सॉलिसिटरचं काम. कोर्टात बोलण्याचा हक्क बॅरिस्टरचा, पण त्याने पक्षकाराशी थेट व्यवहार करायचा नाही; सॉलिसिटरने ब्रीफ दिली तरच त्याचं तोंड उघडणार. आता विचार करा. सॉलिसिटरांच्या बहुतेक फर्म गोऱ्यांच्या, न्यायमूर्ती गोरे, इतर बॅरिस्टरही गोरे. अशा ठिकाणी तेवीस वर्षांच्या एका हिंदी तरुणाला ब्रीफ देणार कोण? बद्रुद्दीन यांच्यामागे सॉलिसिटर भाऊ होता. एक भाऊ गोदाम सांभाळतो, दुसरा गादीवर बसून गिऱ्हाईक करतो, तशी ही मांडणी होती. व्यापारी घराने धंद्याची जुनी रीत न बदलता फक्त माल बदलला.

पण व्यापाऱ्याला हा माल हवासा का वाटला? मानमरातबासाठी? काही अंशी असेलही. खरं कारण कोर्टाच्या निकालपत्रांत सापडतं. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे खोजा आणि मेमन समाजाचे दावे आले. वारशात मुलींना कुराणाप्रमाणे वाटा मागितला होता. पेरींनी सांगितलं, की या समाजांची रूढी मुलींना वाटा न देण्याची आहे आणि ती रूढीच चालेल. पुढे १८६६ साली न्यायमूर्ती आर्नूल्ड यांच्यापुढे आगाखान खटला उभा राहिला आणि खोजा म्हणजे नेमके कोण, त्यांची श्रद्धा कोणती, त्यांच्या जमातखान्याची मालमत्ता कुणाच्या हाती, याचा फैसला एका इंग्रज न्यायमूर्तीने केला. या खटल्यांत बोहरे पक्षकार नव्हते. पण शेजारच्या पेढीवर काय चाललं आहे हे न बघणारा व्यापारी कुठे असतो? ज्या खोलीत आपली मालमत्ता, आपल्या मुलीचा वाटा आणि आपली जमात ठरते, त्या खोलीत आपलं कुणीतरी असलं पाहिजे, हे त्यांना उमगलं होतं.

हा प्रकार मुंबईपुरता नव्हता. इंग्रजांनी जिंकलेल्या प्रजेचा खासगी कायदा शाबूत ठेवून बाकीचा आपला बसवण्याची युक्ती एकाच सुमाराला दोन खंडांत वापरली. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने बंगालात ठरवलं, की लग्न, वारसा, धर्म यांत हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण लागू राहील. दोन वर्षांनी, १७७४ साली, ब्रिटिश पार्लमेंटने क्यूबेक कायदा करून तिथल्या फ्रेंच प्रजेला मालमत्तेच्या बाबतीत फ्रेंच कायदा परत दिला. फौजदारी कायदा मात्र इंग्रजी. तिथेही हाच परिणाम दिसतो. डेट्रॉइटच्या परिसरात फरचा व्यापार करणारं बाबी नावाचं फ्रेंच घराणं घ्या. पहिली पिढी कातडी विकत घेणारी. दुसऱ्या पिढीतले जेम्स बाबी १७९२ साली अप्पर कॅनडाच्या कार्यकारी मंडळात आणि विधिमंडळात बसलेले. भाषा वेगळी, धर्म वेगळा, राज्यकर्ते तेच. अशा घरांपुढे दोन वाटा होत्या: आपल्या कोशात बसून राहणं किंवा राज्यकर्त्यांचे नियम त्यांच्याहून चांगले शिकणं. बाबींनी आणि तय्यबजींनी दुसरी निवडली.

आता मुंबईकडे परत येऊ. १८७३ साली बद्रुद्दीन महापालिकेत गेले. १८७४ साली दोघा भावांनी इतरांसह अंजुमन-इ-इस्लाम स्थापन केली. मुसलमान मुलांना इंग्रजी आणि आधुनिक शिक्षण मिळावं हा हेतू. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरची तिची घुमटांची इमारत आपण लोकलमधून उतरल्यावर रोज पाहतो. १८८२ साली बद्रुद्दीन प्रांतिक कायदेमंडळात गेले. १८८३ साली इल्बर्ट विधेयकाचा गदारोळ उठला. हिंदी न्यायाधीशाने गोऱ्या आरोपीचा खटला चालवावा की नाही, एवढाच प्रश्न होता, पण त्यावरून गोऱ्यांच्या क्लबांनी आकाशपाताळ एक केलं. २८ एप्रिलला टाउन हॉलमध्ये विधेयकाच्या बाजूने सभा झाली. त्या सभेने फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्रिंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी ही तीन नावं मुंबईच्या तोंडी एकत्र बसवली. एक पारशी, एक मराठी, एक बोहरी, तिघेही वकील. दोन वर्षांनी तिघांनी मिळून बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढली.

१८८७ साली मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन भरलं आणि बद्रुद्दीन अध्यक्ष झाले. काँग्रेसचे ते पहिले मुसलमान अध्यक्ष. तिकडे सर सय्यद अहमद खान मुसलमानांना काँग्रेसपासून लांब राहायला सांगत होते. दोघांत पत्रव्यवहार झाला, अदब राखून, पण ठाम. मात्र या काळाचं चित्र एकरंगी करू नये. मुसलमान समाजाचा विरोध वाढतो आहे हे दिसल्यावर १८८८ साली बद्रुद्दीन यांनीच काँग्रेसचे एक संस्थापक ह्यूम यांना लिहिलं, की काँग्रेस निदान पाच वर्षं तहकूब ठेवावी. त्याच वर्षी अलाहाबादच्या अधिवेशनात ठराव झाला, की ज्या विषयाला हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा समाज म्हणून जवळजवळ एकमुखी विरोध असेल तो विषय काँग्रेसने घेऊ नये. यामागे त्यांचाच आग्रह होता. कुणी याला कचखाऊपणा म्हणेल. मला त्यात दाव्यापूर्वी समोरच्याची बाजू तपासणारा वकील दिसतो. त्याला विजयाइतकीच तडजोडही कळते, आणि कधीकधी ती जरा लवकर कळते.

१८९५ साली ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. दोन वर्षांत टिळकांचा अर्ज त्यांच्यापुढे आला. टिळकांचं राजकारण त्यांना पटत नव्हतं. गणेशोत्सवाचं नवं रूप, १८९३ च्या हिंदू-मुसलमान दंग्यानंतरचं वातावरण, 'केसरी'ची धार, यांतलं काहीच मेहता-तय्यबजी पंथाच्या पचनी पडणारं नव्हतं. सरकारची मर्जी राखायची असती तर पार्सन्स-रानडे यांचा नकार पुढे चालवणं सर्वांत सोपं होतं. कुणी बोट ठेवलं नसतं. त्यांनी जामीन दिला. जामिनाचा हेतू आरोपी खटल्याला हजर राहावा एवढाच. हा माणूस पळून जाणार नाही, तर मग दोष सिद्ध होण्याआधी त्याला कोठडीत का ठेवायचं, आणि बचावाची तयारी त्याने करायची कशी? विचार इतका सरळ होता.

या जामिनाला देशभक्तीचं कृत्य म्हणून रंगवायचा मोह होतो. मला वाटतं त्याने त्याचं मोल कमी होतं. मित्राला जामीन देणं सोपं. ज्याचं लेखन आपल्याला खटकतं आणि ज्याच्याविरुद्ध सरकार चवताळलं आहे, त्याला नियमाने जे मिळतं ते देणं अवघड. राज्यकर्त्यांनी नियम आणला होता. खंभातच्या व्यापाऱ्याच्या मुलाने तो राज्यकर्त्यांवरच लागू केला. पुढे सप्टेंबरात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. ज्युरीतले सहा युरोपियन दोषी म्हणाले, तीन हिंदी निर्दोष म्हणाले आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. निकाल तय्यबजींच्या हातात नव्हता. त्यांच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यांनी केलं. १९०२ साली ते मुंबईचे हंगामी मुख्य न्यायाधीश झाले. त्या खुर्चीवर बसणारे पहिले हिंदी. १९ ऑगस्ट १९०६ ला लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

घराण्याचा इतिहास एका माणसावर संपवला तर ते चरित्र होतं. म्हणून पुढच्या पिढ्यांकडे वळू. कंबाला हिलवर आज जिथे सोफिया कॉलेज आहे तिथे बद्रुद्दीन यांचं सॉमरसेट हाऊस होतं. उन्हाळा-पावसाळ्याची घरं माथेरानला आणि अलिबागजवळ किहीमला. या कुळात एक मोलाची रीत होती: घरात 'अखबार' नावाची वही ठेवायची. घरातलं कुणीही, पाहुणासुद्धा, तीत लिहू शके. कोण आलं, कोण आजारी पडलं, कुणाचं लग्न ठरलं, सहल कुठे गेली, सगळं. बायका आणि मुलंही लिहीत. व्यापाऱ्याच्या घरातली रोजकीर्द अशी कुटुंबाची रोजनिशी झाली. भाषा आधी गुजराती, मग हळूहळू उर्दू. आज मुंबईतल्या मुसलमान घराच्या आतल्या जगाचा अभ्यास करणाऱ्यांना या वह्यांइतकं जिवंत साधन क्वचितच मिळतं.

वहीत लिहिणाऱ्या मुली पुढे पडद्याबाहेर आल्या. याच गोतावळ्यातल्या नाझली जंजिऱ्याच्या नवाबाच्या बेगम झाल्या, म्हणजे थेट आपल्या मुरूडच्या. त्यांची बहीण अतिया फैजी १९०६ साली शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेली आणि तिथले अनुभव तिने उर्दूत छापले. मुलींच्या वाट्याचा फैसला परक्या कोर्टात झाला तिथून साठ वर्षांत ही मजल होती.

आणि किहीम? १९३० च्या सुमारास नोकरी गेलेला एक तरुण पत्नीसह तिथे राहायला गेला आणि घराजवळच्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचं तासन्तास निरीक्षण करत बसला. नर अनेक घरटी बांधतो आणि माद्या घरटं पसंत करतात, हे त्याचं निरीक्षण पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालं. हे पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली. लहानपणीच पोरके झालेल्या सलीमना मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी वाढवलं होतं.

कायद्याची शाखाही वाढली. बद्रुद्दीन यांचे चिरंजीव फैज तय्यबजी यांनी १९१३ साली मुस्लिम कायद्यावर ग्रंथ लिहिला आणि तो कोर्टांत आधार म्हणून वापरला जाऊ लागला. नात्यातले असफ अली असगर फैजी यांचं त्याच विषयावरचं १९४९ सालचं पुस्तक आजही विद्यार्थी वाचतात. मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचं प्राचार्यपद १९३५ ते १९३८ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं; १९३८ ते १९४७ ते फैजींकडे होतं. आता १८४७ चा तो खोजा-मेमन निकाल आठवा. तेव्हा मुसलमानांचा कायदा काय हे एक इंग्रज ठरवत होता. शंभर वर्षांत त्या कायद्याची पाठ्यपुस्तकं याच मुंबईतलं एक बोहरी कुटुंब लिहीत होतं. या घराण्याची खरी कमाई मला इथे दिसते.

एक माणूस मात्र कोर्टातून बाहेर पडून तुरुंगात गेला. बद्रुद्दीन यांचे पुतणे अब्बास तय्यबजी. अकरा वर्षं इंग्लंडात शिकलेले, बडोद्याच्या हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश, राहणी साहेबी. जालियनवाला बागेनंतर काँग्रेसने पंजाबच्या अत्याचारांच्या चौकशीसाठी समिती नेमली, तीत गांधीजी, चित्तरंजन दास आणि आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्याबरोबर अब्बासही होते. गावोगावच्या साक्षी त्यांनी कान देऊन ऐकल्या आणि त्यानंतर हा न्यायाधीश बदलला. खादी आली, बैलगाडीचा प्रवास आला. ५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाल्यावर धारासणाच्या मिठागरावरच्या सत्याग्रहाचं नेतृत्व शहात्तर वर्षांच्या अब्बासमियांकडे आलं. १२ मेला वाटेतच त्यांना पकडण्यात आलं. मिठागर म्हणजे काय, मिठावरचा कर म्हणजे काय, हे भाईंदरकरांना समजावून सांगायची गरज नाही. चुलत्याने नियम सरकारवर लागू केला. सरकारच नियम मोडतं हे पुतण्याने साक्षीपुराव्यातून पाहिलं, आणि मग त्याने कायदा मोडला. दोन्ही कृत्यांमागे शिस्त एकच होती: आधी पुरावा, मग निर्णय.

आता या घराण्याची उणी बाजू. ही वाट पैसेवाल्यांची होती. मुलगा विलायतेला धाडायला पेढी लागे, आणि कोर्टात ब्रीफ मिळवायला भाऊ लागे. तेलंगांसारखे मध्यमवर्गीय मराठी वकील शिष्यवृत्ती आणि स्थानिक परीक्षांच्या बळावर वर आले, पण बाकीच्या हजारोंसाठी ओरिजिनल साइडचं दार जवळजवळ बंदच राहिलं. ती दुहेरी पद्धत मुंबईत अधिकृतपणे संपली १ जानेवारी १९७७ ला. म्हणजे बद्रुद्दीन उभे राहिल्यापासून शंभराहून अधिक वर्षं. आडनावाच्या जोरावर चालणारी वकिली आजही आहे, हे या सभागृहातल्या तरुण वकिलांना ठाऊक आहे. सकाळची लोकल पकडून ठाण्याला किंवा फोर्टला जाणाऱ्या पहिल्या पिढीच्या वकिलामागे ना पेढी असते ना सॉलिसिटर भाऊ.

म्हणून मी या घराण्याकडे आदर्श कुटुंब म्हणून बघा असं म्हणणार नाही. त्यांच्या कामातलं जे कुणाच्याही बापजाद्यांचं नाही, तेवढं घ्या. वाडा विकला गेला, पेढी मिटली, फाळणीने नातेवाईक दोन देशांत विभागले. जामिनाचा तो विचार मात्र कुणा एका घराचा राहिला नाही. १९७७ साली सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद असं सांगितलं, तेव्हा ते त्याच वाटेवर होते. ज्या कलमाखाली टिळकांवर खटला झाला ते १२४-अ सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये स्थगित केलं, आणि जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत त्याच्या जागी दुसरं कलम आलं. कलमांचे क्रमांक बदलतात. देशातल्या तुरुंगांत मात्र आजही दर चार कैद्यांतले सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. त्यांच्यासाठी ना दावर उभे राहतात ना हमी देणारा शेठ पुढे येतो.

जेसल पार्कच्या आसपास दुकानदार आहेत, वकील आहेत, आणि या दोन्ही धंद्यांत नव्याने पाऊल टाकणारी मुलंमुली आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच. आपल्या मताच्या माणसासाठी कायदा वापरायला कुणीही शिकतं. आपल्याला न पटणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो तितक्याच काटेकोरपणे वापरता आला, तरच आपण कायदा शिकलो. बद्रुद्दीन तय्यबजींनी ४ ऑगस्ट १८९७ ला ती परीक्षा दिली. टिळक पास होते की नापास, हा त्या दिवशीचा प्रश्नच नव्हता; परीक्षा न्यायाधीशाची होती. आपल्यापैकी प्रत्येकाला ती कधीतरी द्यावी लागेल, कोर्टात नाही तर सोसायटीच्या सभेत, पंचनाम्यावर सही करताना किंवा मतदान करताना. तेव्हा तयारी आधीपासून ठेवा.